अकरा पंप, तीन भाषा आणि मॅन्युअलांची एक्सएमएल साखळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळच्या एका मध्यम कारखान्यात औद्योगिक पंप बनतात. अकरा मॉडेलं, प्रत्येकाचं वेगळं मॅन्युअल, सगळं वर्डमध्ये, इंग्रजी आणि मराठीत. आता जर्मनीतला ग्राहक मिळालाय, म्हणून तिसरी भाषा आली. साइटवर जाणारे सर्व्हिसवाले म्हणतात की मोबाइलवर पीडीएफ वाचता येत नाही, वेबवर द्या. मॅन्युअल सांभाळायला माणसं दोनच. त्यांनी विचारलंय: डिटा घ्यावं, डॉकबुक घ्यावं (दोन्ही एक्सएमएलमध्ये मॅन्युअल लिहायच्या ठरलेल्या पद्धती) की मार्कडाउनवर, म्हणजे साध्या मजकुरातल्या हलक्या खुणांवर, भागेल? आणि सॉफ्टवेअर कोणतं विकत घ्यायचं?

मी बरीच वर्षं यंत्रांची मॅन्युअल लिहिते आणि ती छापण्यापर्यंतची साखळी बांधून देते. सॉफ्टवेअरचा प्रश्न मी शेवटाकडे ठेवणार आहे. आधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो: तुमच्याकडे एकच मजकूर किती ठिकाणी राहतो, आणि तो बदलला की सगळीकडे बदलायची जबाबदारी कोणाची?

एक उदाहरण तुमच्याच धंद्यातलं घ्या. पंपात पाणी भरल्याशिवाय तो चालू करायचा नाही, नाहीतर मेकॅनिकल सील कोरडं घासून खराब होतं. ही सूचना तुमच्या अकराही मॅन्युअलांत असणार. पण ती एकाच शब्दांत नसणार, हे न बघता सांगते. एका ठिकाणी 'कोरडा चालवू नये' असेल, दुसरीकडे 'प्रायमिंग केल्याची खात्री करून घ्यावी', तिसरीकडे ती चेतावणी म्हणून चौकटीत असेल आणि चौथीकडे साध्या परिच्छेदात बुडालेली असेल. तीन भाषा धरल्या तर ही एक सूचना तेहतीस ठिकाणी राहते. उद्या डिझाइनवाल्यांनी सीलचा प्रकार बदलला आणि सूचनेत भर घालायची झाली, तर त्या तेहतीस जागा शोधणार कोण? तुमची खरी अडचण ही आहे. वर्ड तिला आवरू शकत नाही, कारण वर्डला हे वाक्य 'तेच' आहे हे ठाऊक नसतं.

एक्सएमएलचा उपयोग इथे होतो. मजकूर कसा दिसतो ते न लिहिता तो काय आहे ते खुणांनी (टॅगांनी) लिहायचं: ही पायरी, हा धोका, हे टॉर्कचं कोष्टक, हा सुट्या भागाचा क्रमांक. दिसणं नंतर, यंत्रानं, ठरलेल्या नियमानं. ही कल्पना नवी नाही. एक्सएमएलची पहिली शिफारस १९९८ची, आणि तिचं मूळ असलेलं एसजीएमएल १९८६ मध्येच आयएसओ मानक झालं होतं. विमानांची आणि संरक्षण सामग्रीची जाडजूड मॅन्युअल तेव्हापासून याच मार्गानं जात आली आहेत. लिहिणं, तपासणं, रूपांतर करणं आणि प्रकाशित करणं, या चार कड्यांना मिळून आपण साखळी म्हणतो.

आता, ही साखळी प्रत्येकाला लागते का? नाही, आणि हे मी मनापासून सांगते. एकच उत्पादन असेल, एकच भाषा असेल, लिहिणारे स्वतः प्रोग्रामर असतील, तर एक्सएमएलचा खर्च वसूल होत नाही. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याची (कर्नलची) कागदपत्रं पूर्वी डॉकबुकमध्ये होती. २०१६ पासून ती रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या मार्कडाउनसारख्या हलक्या पद्धतीवर नेली गेली, कारण कोड लिहिणाऱ्यांना टॅगांमध्ये हात घालायचा नव्हता आणि ती साखळी चालती ठेवणं जड जात होतं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या संगणकप्रणालीनं २०२१ मध्ये डॉकबुक सोडून अस्कीडॉक ही तशीच हलकी पद्धत घेतली. उलट बाजूला पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस पाहा. त्यांनी २०१७ मध्ये आपली सगळी कागदपत्रं जुन्या एसजीएमएलमधून डॉकबुक एक्सएमएलमध्ये आणली आणि आजही तिथेच आहेत. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचं मॅन्युअलही डॉकबुकमध्येच आहे आणि कितीतरी भाषांत निघतं. म्हणजे 'एक्सएमएल जुनं झालं' किंवा 'एक्सएमएलच खरं' ही दोन्ही वाक्यं उपयोगाची नाहीत. लिहिणारे कोण आहेत आणि मजकूर किती ठिकाणी जातो, यावरून ठरवायचं.

तुमच्या बाबतीत अकरा मॉडेलं, तीन भाषा आणि दोन प्रकारचं प्रकाशन आहे. शिवाय चूक झाली तर माणसाच्या हाताला इजा होऊ शकते. इथे एक्सएमएल लागतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्कडाउनमध्ये 'धोका' आणि 'टीप' यांतला फरक सक्तीनं पाळून घ्यायची सोय नाही. लिहिणाऱ्यानं पाळला तर पाळला. सुरक्षेच्या मजकुराला तेवढ्यावर सोडू नये.

आता डॉकबुक की डिटा. डॉकबुक १९९१ मध्ये हाल कॉम्प्युटर सिस्टिम्स आणि ओरायली यांनी सुरू केलं. त्याची बैठक पुस्तकाची आहे: भाग, प्रकरण, विभाग, सूची. सलग वाचायचा ग्रंथ असेल तर ते अजूनही उत्तम. डिटा आयबीएमनं घडवलं, २००४ मध्ये ओएसिस या मानकसंस्थेकडे सोपवलं, आणि पहिली आवृत्ती २००५ मध्ये आली. त्याची बैठक विषयाची आहे. एक छोटी फाइल म्हणजे एक विषय, आणि असे विषय नकाशात, म्हणजे विषयांच्या क्रमवार यादीत, ओवून मॅन्युअल तयार होतं. तोच विषय पाच नकाशांत ओवता येतो. डॉकबुकमध्येही एक्सइन्क्लूड वापरून तुकडे जोडता येतात, ५.१ या आवृत्तीत विषयांची जुळणीही आली. पण अकरा भावंड मॉडेलांसाठी डिटाची घडण मुळातच जवळची आहे. तुम्ही डिटा १.३ घ्या. ती २०१५ची आवृत्ती आहे, स्थिर आहे, आणि बहुतेक सगळी अवजारं तिला ओळखतात. मात्र तिच्यातले सगळे घटक वापरायचा मोह टाळा. पंपाच्या मॅन्युअलला पंचवीस-तीस घटक पुरतात. बाकीचे संपादकातून, म्हणजे लिहायच्या सॉफ्टवेअरमधून, लपवून टाका, म्हणजे लिहिणाऱ्याला निवड करत बसावं लागत नाही.

या घडणीनं लिहिण्यात काय फरक पडतो ते जवळून दाखवते. मेकॅनिकल सील बदलण्याच्या प्रकरणात वर्डमध्ये साधारण असं वाक्य सापडतं: 'सील बदलताना मोटरचा सप्लाय बंद करून योग्य ती काळजी घ्यावी.' वाचायला बरं वाटतं, पण साइटवरच्या फिटरला त्यातून काही कळत नाही. डिटामध्ये धोक्यासाठी हॅझार्डस्टेटमेंट नावाचा घटक आहे. त्याच्या आत तीन खण: धोका कोणता, परिणाम काय, टाळायचा कसा. पहिला किंवा तिसरा खण गाळला तर फाइल तपासणीत अडते. परिणामाचा खण मानकात ऐच्छिक आहे, पण आपल्या नियमात तो सक्तीचा करता येतो आणि करावाच. मग लिहिणाऱ्याला विचार करणं भाग पडतं, आणि मजकूर असा होतो. धोका: काम चालू असताना पंप अचानक सुरू होऊ शकतो. परिणाम: फिरत्या कपलिंगमध्ये हात अडकून गंभीर इजा. टाळायचं कसं: मुख्य स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा, चावी काम संपेपर्यंत स्वतःजवळ ठेवा. त्यापुढे टास्क या प्रकारच्या विषयात आधीची तयारी, मग एकेक पायरी, प्रत्येक पायरीत एकच आज्ञा, आणि शेवटी काय दिसलं पाहिजे ते. 'कपलिंग गार्ड काढा. कपलिंग सोडवा. गळती तपासा.' असं सगळं एका पायरीत कोंबलं तर आज्ञा कुठे संपते हे भाषांतरकारालाही कळत नाही आणि फिटरलाही नाही. जुन्या मॅन्युअलांतली विसंगती बहुतेक वेळा या खणांत मजकूर भरतानाच उघडी पडते, कारण अमुक पायरी कोणाच्याच ध्यानात नव्हती हे तिथे लपत नाही. मला या कामात सगळ्यात मोल वाटतं ते याचं.

आता पुनर्वापर. नव्यानं डिटा शिकलेली माणसं इथे हमखास फार बारीक तुकडे करतात. सोय दिसते म्हणून प्रत्येक शब्द एका जागी ठेवतात आणि सगळीकडे ओढून आणतात. इंग्रजीत ते काही अंशी खपतं. मराठीत खपत नाही, कारण आपल्याकडे नामाचं सामान्यरूप होतं. 'झाकण' हा शब्द एका ठिकाणी साठवला आणि वाक्यात ओढून आणला की 'झाकणाला', 'झाकणाखाली', 'झाकणाचे बोल्ट' ही रूपं कुठून येणार? मग कोणीतरी 'झाकण ला' असं तोडून लिहितं आणि वाक्य परकं दिसायला लागतं. जर्मनमध्ये हीच अडचण लिंग आणि विभक्तीमुळे येते. म्हणून माझा नियम असा की पुनर्वापराचं सर्वांत लहान माप म्हणजे पूर्ण वाक्य, आणि शक्यतो पूर्ण पायरी किंवा पूर्ण धोका. अपवाद फक्त ज्यांना विकार होत नाही अशा गोष्टींचा: मॉडेलचा क्रमांक, आकडे, एककं, सुट्या भागाचा नंबर. मॉडेलचं नावही वाक्यात थेट न जोडता 'अमुक मॉडेलचा पंप' असं लिहा, म्हणजे प्रत्यय 'मॉडेल'ला लागतो आणि नाव जसंच्या तसं राहतं.

मॉडेलांतले फरक दोन रीतींनी हाताळता येतात. एक म्हणजे विषय पूर्ण वेगळा ठेवायचा आणि ज्या मॉडेलला तो लागतो त्याच्याच नकाशात ओवायचा. तुमच्या सेल्फ प्रायमिंग पंपाची सुरुवात आणि साध्या सेंट्रिफ्युगल पंपाची सुरुवात इतकी वेगळी असते की त्यांना एका फाइलमध्ये कोंबण्यात अर्थ नाही. दुसरी रीत म्हणजे एकाच विषयातल्या काही पायऱ्यांवर खूण करायची आणि प्रकाशनाच्या वेळी गाळायच्या. मेकॅनिकल सील आणि ग्लँड पॅकिंग असे दोन पर्याय असलेल्या मॉडेलांना ती चालते. पण एका विषयात खुणा तीन-चारांच्या पुढे गेल्या की तो विषय कोणालाच डोळ्यांनी वाचून तपासता येत नाही, आणि तपासता येत नाही ते एक दिवस चुकीचं छापलं जातं. तेव्हा सरळ दोन विषय करा. थोडी पुनरुक्ती परवडते. आणि गाळणी वाक्याच्या मध्यात तर कधीच लावू नका. अर्धं वाक्य गळालं तर उरलेलं अर्धं एका भाषेत बरोबर आणि दुसऱ्या भाषेत चूक होतं.

आकड्यांबद्दल वेगळं सांगते. टॉर्क, ग्रीसचं प्रमाण, बेअरिंगचे नंबर, सीलचे नंबर हे आकडे लेखकानं टाइप करायचेच नाहीत. ते डिझाइन विभागाच्या एक्सेलमध्ये किंवा ईआरपीत (कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये) असतात. तिथून एक साधी निर्यात घ्यायची, तिचं रूपांतर करून डिटाच्या कोष्टकात किंवा 'की'च्या (नाव देऊन साठवलेल्या मूल्यांच्या) यादीत आणायचं, आणि मजकुरातून फक्त संदर्भ द्यायचा. डिझाइनवाल्यानं आकडा बदलला की मॅन्युअलच्या पुढच्या बांधणीत तो तिन्ही भाषांत बदलतो. साखळीचा हा भाग उभा करायला थोडा वेळ लागतो, पण व्यवस्थापनाला सगळ्यात आधी पटतो तो हाच. कारण चुकीचा टॉर्क छापून गेल्याचा अनुभव बहुतेक कारखान्यांना असतो.

तपासणी दोन पातळ्यांवर करायची. पहिली रचनेची: पायरी स्टेप्सच्या बाहेर नाही ना, विषयाला शीर्षक आहे ना. ती स्कीमा, म्हणजे कोणता घटक कुठे येऊ शकतो याची नियमावली, बघते आणि संपादक लिहितानाच लाल रेघ दाखवतो. दुसरी तुमच्या घरच्या नियमांची. तिच्यासाठी स्किमाट्रॉन आहे. रिक जेलिफ यांनी ते १९९९ मध्ये मांडलं आणि नंतर ते आयएसओ मानक झालं. त्यात नियम लिहायचा आणि तो मोडला तर काय संदेश दिसावा तेही आपल्या भाषेत लिहायचं. मी नेहमी घालते ते काही नियम असे: खोलायच्या प्रत्येक कामाच्या सुरुवातीला धोक्याची चौकट हवी, धोक्यात परिणामाचा खण भरलेला हवा, एका पायरीत एकच आज्ञा हवी, 'योग्य ती काळजी घ्यावी', 'आवश्यकतेनुसार' असे शब्द दिसले की थांबवायचं आणि नेमकं लिहायला सांगायचं, प्रत्येक फाइलवर भाषेची खूण हवी. संदेश मराठीत लिहा. 'इथे धोका नेमका सांगा, फिटर काय करणार ते लिहा' असं पडद्यावर आलं की नवा लेखक काही आठवड्यांत शिकतो, त्याच्या मागे कोणाला उभं राहावं लागत नाही.

इथपर्यंतचा धागा असा: आधी काय पुन्हा येतं ते शोधा, त्याचं माप वाक्य किंवा पायरी ठेवा, आकडे उगमापासून घ्या, नियम यंत्राकडून पाळून घ्या. हे ठरलं की अवजारांचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. पण त्याआधी मराठीच्या अडचणी सांगायलाच हव्यात. बाहेरची कोणतीही मार्गदर्शक पुस्तिका त्या सांगत नाही आणि कामाच्या शेवटी त्या आडव्या येतात.

तुमची जुनी मराठी मॅन्युअल कदाचित श्रीलिपी किंवा डीव्हीबी मालिकेतल्या जुन्या फॉन्टमध्ये असतील. डीटीपीवाल्याकडून करून घेतली असतील तर जवळजवळ नक्कीच. त्या फाइलीत खरं मराठी नसतं, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. एक्सएमएलला ते निरर्थक अक्षरांसारखं दिसतं. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरं यांत ती चुकतात. म्हणून रूपांतरानंतर पूर्ण मुद्रितशोधनाचा वेळ धरा. आकड्यांवर तर दुप्पट लक्ष द्या, कारण काही फॉन्टांत दशांश चिन्ह आणि इतर खुणा वेगळ्याच जागी असतात.

दुसरी अडचण युनिकोडमध्येही, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या प्रमाण पद्धतीतही, राहते. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' या शब्दांतला आडवा र दोन प्रकारांनी साठवला जातो. एकात नुक्ता असलेला र आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे शोध लागत नाही, भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधल्या आधीच्या वाक्यांच्या साठ्यात (स्मृतीत) तेच वाक्य नवं म्हणून येतं आणि त्याचे पैसे पुन्हा द्यावे लागतात. दोन लेखक वेगळे कीबोर्ड वापरत असतील तर हे हमखास घडतं. एक रूप ठरवा आणि दुसरं दिसलं की स्किमाट्रॉननं अडवावं असा नियम घाला. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात असली न दिसणारी चिन्हं भरपूर येतात, त्यांनाही तोच नियम.

तिसरी अडचण पीडीएफची. डिटा ओपन टूलकिट, म्हणजे डिटाच्या फाइलींतून पीडीएफ आणि वेबपानं काढणारं सॉफ्टवेअर, मुळात अपाचे एफओपी या पानं जुळवणाऱ्या साधनाकडून पीडीएफ करून घेतं. एफओपीला देवनागरी जोडाक्षरांची समज १.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून आहे. तरी फॉन्ट नीट नोंदवला नाही तर चौकोन छापले जातात किंवा वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते. सुरुवातीलाच एक चाचणीचं पान करा: त्यात 'ऱ्ह', 'र्‍हास'सारखे आडवे र, 'क्ष', 'ज्ञ', 'ष्ट्य', 'द्ध', 'र्त्स्य' असे शब्द टाका, आणि प्रत्येक वेळी साखळी बदलली की ते पान आधी छापून बघा. दुसरा मार्ग म्हणजे आधी एचटीएमएल (वेबपान) करायचं आणि सीएसएस या वेबच्या शैलीनियमांच्या आधारानं त्याची पानं पाडायची. वीझीप्रिंट हे मुक्त साधन आहे, प्रिन्स आणि अँटेना हाऊस ही विकतची आहेत. मराठी मजकुरासाठी मी हल्ली हा मार्ग जास्त पसंत करते, कारण ब्राउझरच्या जवळचं अक्षरजुळणीचं तंत्र वापरलं जातं आणि वेबसाठी केलेली शैली बरीचशी पुन्हा वापरता येते. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या, म्हणजे पीडीएफमध्ये बसवायला अडचण नाही. 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता आहे, गूगलचा नोटो आहे. फाइलीवर भाषेची खूण मराठीची असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे आपले प्रमाण आकार आपोआप येतात. सरकारी निविदांना मॅन्युअल जोडायचं असेल तर हे बघून घ्या.

शेवटच्या सूचीचा क्रमही तपासा. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आणि क्ष, ज्ञ तर स्वतंत्र अक्षरं म्हणून नाहीतच. नुसत्या तक्त्याच्या क्रमानं लावलेली सूची मराठी वाचकाला विस्कटलेली दिसते, कारण आपण ळ, क्ष, ज्ञ शेवटी शोधतो. मराठीचे क्रमनियम असलेला आयसीयू हा सॉफ्टवेअरचा संच साखळीला जोडून घ्यावा लागतो. सर्व्हिस मॅन्युअलला सूची लागतच नसेल तर हा भाग पहिल्या वर्षी सोडून द्या.

जर्मनीबद्दल. युरोपात यंत्र विकायचं तर सूचना तिथल्या भाषेत द्याव्या लागतात, आणि 'मूळ सूचना' की 'मूळ सूचनांचं भाषांतर' हे मॅन्युअलवर छापावं लागतं. २००६/४२ या यंत्रविषयक निर्देशातलं बंधन आहे ते. २०२३/१२३० हा नवा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो. त्यात सूचना डिजिटल रूपात द्यायला मुभा आहे. पण मग त्या यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर, आणि किमान १० वर्षं, ऑनलाइन उपलब्ध ठेवाव्या लागतात. खरेदीच्या वेळी ग्राहकानं मागितलं तर छापील प्रत फुकट द्यावी लागते. दहा वर्षांनी कोणतं वर्ड असेल, कोणता फॉन्ट असेल, कोण सांगणार? साध्या मजकुराच्या एक्सएमएल फाइली आणि त्या कोणत्या आवृत्तीच्या अवजारांनी बांधल्या याची नोंद, एवढं असलं की जुनं मॅन्युअल पुन्हा काढता येतं. तुमच्या पंपाला नेमकं कोणतं कलम लागतं ते मात्र सीई मार्किंगचं (यंत्र युरोपच्या नियमांत बसतं या खुणेचं) काम बघणाऱ्या तुमच्या सल्लागाराकडून लेखी घ्या. नुसता पंप देता की मोटरसकट संच, यानंही फरक पडतो.

भाषांतराला फाइल देताना पीडीएफ किंवा वर्ड देऊ नका. विषयांच्या एक्सएमएल फाइली द्या, किंवा त्यांतून काढलेल्या एक्सलिफ फाइली (भाषांतराच्या देवाणघेवाणीसाठीचा प्रमाण प्रकार). भाषांतरकाराचं साधन वाक्यं वेगळी करतं, आधी केलेली ओळखतं आणि फक्त नवी, बदललेली पुढे ठेवतं. पहिल्या खेपेचा खर्च कमी होत नाही, दुसऱ्यापासून होतो. आणि मूळ इंग्रजी मजकूर भाषांतराला देण्याआधी गोठवा. अर्धं भाषांतर झाल्यावर मूळ वाक्यं सुधारत बसलं की दोन्हीकडचं काम वाया जातं.

आता अवजारं. मजकूर गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवा. कोणी काय कधी बदललं हे दहा वर्षांनी विचारलं तरी सापडतं. संपादक म्हणून ऑक्सिजन घ्या. विकतचा आहे, पण लेखकाला टॅग न दाखवता वर्डसारखं लिहू देतो, आणि स्किमाट्रॉनचे संदेश जागेवर दाखवतो. दोन माणसांसाठी तो खर्च योग्य आहे. प्रकाशनासाठी डिटा ओपन टूलकिट, जे मुक्त आहे. कंपोनंट कंटेंट मॅनेजमेंटच्या, म्हणजे मजकुराचे तुकडे सांभाळायच्या, महागड्या यंत्रणा विकायला लोक येतील. दोन लेखक आणि तीन भाषांना त्यांची गरज नाही. लेखक वाढले, मंजुरीच्या पायऱ्या वाढल्या, तेव्हा बघा; मजकूर मानक डिटात असेल तर तेव्हाही सहज हलवता येईल.

साखळीबद्दल माझा एकच हट्ट असतो: सगळं एका आज्ञेनं बांधलं गेलं पाहिजे, आणि ती आज्ञा कोणाच्याही संगणकावर चालली पाहिजे. टूलकिटची आवृत्ती, जावाची आवृत्ती, फॉन्ट, शैलीपत्रकं हे सगळं गिटच्या त्याच भांडारात नोंदवून ठेवा. जमलं तर सर्व्हरवर अशी सोय करा की कोणीही बदल जमा केला की तपासणी होऊन तिन्ही भाषांची पीडीएफ आणि वेबपानं आपोआप तयार होतील. साखळी बांधणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि नंतर कोणालाच पीडीएफ काढता येईना, ही अवस्था मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिली आहे. म्हणून तुमच्या दोघांपैकी दोघांनाही बांधणी करता आली पाहिजे. टूलकिटमध्ये 'चेतावणी', 'आकृती', 'पान' असे तयार शब्द भाषेनुसार भरलेले असतात; मराठीची यादी आहे का ते बघा, नसेल तर तयार करा, आणि हवे ते शब्द आपले घाला.

आणि शेवटी, सुरुवात कुठून करायची. अकराही मॅन्युअल यंत्रानं डिटात ओतू नका. पॅनडॉकसारखं साधन वर्डमधून डॉकबुक काढून देतं, पण त्यात ठळक आणि तिरकी अक्षरं येतात, धोका आणि पायरी येत नाहीत. जुना गोंधळ नव्या फाइलीत जातो इतकंच. सगळ्यात जास्त विकलं जाणारं एक मॉडेल घ्या आणि त्याचं सगळ्यात जवळचं भावंड घ्या. दोन्हींची वर्ड मॅन्युअल छापून शेजारी ठेवा, आणि सारखा मजकूर एका रंगानं, वेगळा दुसऱ्या रंगानं रंगवा. या कामाला सर्व्हिस विभागातला एक जाणता माणूस सोबत घ्याच, कारण कागदावर वेगळी दिसणारी दोन वाक्यं कामात एकच आहेत की नाहीत, हे त्यालाच सांगता येतं. मग फक्त तीन प्रकरणं डिटात लिहा: सुरक्षा, पहिल्यांदा चालू करणं, आणि सील बदलणं. ती मराठीत आणि इंग्रजीत छापून, मोबाइलवर उघडून, साइटवरच्या फिटरच्या हातात द्या आणि तो सील बदलताना शेजारी उभं राहून बघा. तो कुठे थांबतो, कुठे मागे जाऊन वाचतो, ते टिपून घ्या आणि विषयांची घडण त्याप्रमाणे सुधारा. जर्मन भाषांतराला पहिली फाइल त्यानंतरच पाठवा. उरलेली नऊ मॉडेलं ज्या क्रमानं त्यांच्यात बदल होतील त्या क्रमानं आणा. ज्या मॉडेलला हातच लागत नाही, ते वर्डमध्ये राहिलं तरी चालतं.